नीळ की मोरचूद : खोलीसाठी दोन निळ्यांतला एक निवडताना

शेडकार्डावर दोन निळ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. घरातलं एक माणूस म्हणतं ही, दुसरं म्हणतं ती, आणि दुकानदार म्हणतो, "दोन्ही चालतात." धानोऱ्याहून नंदुरबारच्या बाजारात रंग घ्यायला गेलेल्याला दिवस मावळायच्या आत परतायचं असतं. तो एका पट्टीवर बोट ठेवतो आणि डबा घेऊन निघतो. भिंती रंगवून झाल्या की लक्षात येतं, खोली हिरवट दिसते आहे, किंवा जांभळट. मग बोल रंगाऱ्याला लागतो. रंगाऱ्याचा यात काही दोष नसतो. फरक त्या दोन पट्ट्यांतच होता, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तो दिसला नाही.

खोली एकदा रंगवली की पुढची पाच-सात वर्षं तीच भिंत डोळ्यांसमोर असते. तेव्हा निवडीला दोन दिवस जास्त लागले तरी ते द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. ते दोन दिवस नेमके कशात घालवायचे, ते सांगतो.

आधी हे ओळखायचं की दोन्ही निळे कोणत्या बाजूला झुकतात. शुद्ध निळा असा डब्यात जवळजवळ कधीच मिळत नाही. प्रत्येक निळा एक तर जांभळ्याकडे कललेला असतो, नाही तर हिरव्याकडे. शेतकऱ्याच्या घरात हे दोन्ही कल आधीपासून असतात. पांढऱ्या कपड्यांसाठी आणलेल्या पुडीतली नीळ पाहा. तिच्यात जांभळी झाक आहे. आणि मिरचीवर किंवा पपईवर फवारायला मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो मिश्रण पाहा. तेही निळंच, पण त्यात हिरवी झाक आहे. एक टक्क्याच्या बोर्डोला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागतं, हे ज्याने हाताने केलं आहे त्याच्या डोळ्यांत तो आकाशी रंग पक्का बसलेला असतो. तेव्हा दुकानात दोन पट्ट्यांपुढे उभं राहिलात की मनाशी एवढंच विचारा : यातली नीळ कोणती आणि मोरचूद कोणता?

फिकट पट्टीवर याचं उत्तर सहज मिळत नाही, कारण तिच्यात पांढरा खूप असतो. त्यासाठी सोपी युक्ती आहे. शेडकार्डाच्या त्याच रांगेतली सर्वांत गडद पट्टी बघायची. बहुतेक कार्डांवर एका रांगेत एकाच रंगाच्या फिकटपासून गडदपर्यंतच्या छटा लावलेल्या असतात. फिकट छटेत लपलेली झाक गडद छटेत उघडी पडते. एका रांगेचा शेवट जांभळट निळ्यावर झाला आणि दुसऱ्या रांगेचा मोरपंखीवर, तर तुमचे दोन "सारखे" आकाशी रंग खरे किती वेगळे आहेत ते तिथेच कळतं. रंगाच्या नावावर मात्र मुळीच जाऊ नका. आकाशी, आसमानी, फिरोजी ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लावते. रंगाची खरी ओळख त्याच्या कोड नंबरातच असते.

हे दोन कल येतात कुठून, तेही थोडं समजून घ्यावं, कारण भिंतीसाठी त्याचा उपयोग होतो. जांभळट निळा पूर्वी लाजवर्दाच्या दगडातून यायचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला आणि अतिशय महाग. १८२८ साली फ्रान्समध्ये ज्याँ बातिस्त गिमे यांना हाच निळा कारखान्यात तयार करण्याच्या पद्धतीबद्दल बक्षीस मिळालं, आणि त्यानंतर तो रंग राजवाड्यांतून निघून कपडे धुण्याच्या निळीपर्यंत पोचला. त्याला अल्ट्रामरीन म्हणतात. आजच्या डब्यांतला हिरवट निळा बहुतेक करून थॅलो ब्लू या रंगद्रव्याचा असतो. तो १९३५च्या सुमारास बाजारात आला. चुन्याचा आणि सिमेंटचा क्षार हे दोन्ही निळे सोसतात. प्रशियन ब्लू नावाचा एक तिसरा निळा आहे, त्याला मात्र क्षार अजिबात सोसत नाही. चुन्यात पडला की तो करडा, तपकिरी होत जातो. सुटी रंगपूड घेऊन चुन्यात मिसळणार असाल तर ती चुन्यात टिकणारी आहे ना, हे दुकानात विचारूनच घ्या.

कल ओळखला की पुढचं काम खोलीत. इथे मी वास्तूच्या दिशांबद्दल बोलत नाही. खिडकी कुठे उघडते आणि त्यातून कोणत्या वेळी कसला उजेड येतो, एवढंच विचारतो आहे. नंदुरबार जिल्हा कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेला, साधारण साडेएकवीस अक्षांशावर आहे. त्यामुळे मेअखेरीला आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेलाही असतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या मध्यावरच राहतो. याचा खोलीवर परिणाम असा की दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि उन्हाळ्यात उंबऱ्याबाहेरच थांबतं. उत्तरेच्या खिडकीतून जवळजवळ वर्षभर आकाशाचा निळसर, थंड उजेड येतो. थेट ऊन पडलंच तर जूनच्या आगेमागे.

म्हणून उत्तरेची खिडकी असलेल्या खोलीत निळा आणखी निळा आणि थोडा उदास दिसतो. तिथे जांभळ्याकडे झुकलेला, म्हणजे निळीच्या बाजूचा फिकट रंग घ्यावा. त्यात तांबड्याचा जो अंश असतो तो खोलीला ऊब देतो. हिरवट निळा अशा खोलीत पावसाळ्याच्या ढगाळ दुपारी फार गार वाटतो, आणि खिडकीबाहेर ऊस किंवा पपईचं रान असेल तर पानांवरून येणारा उजेड तो हिरवेपणा वाढवतो. पश्चिमेच्या खोलीचं गणित वेगळं. तिथे दुपारनंतर पिवळं, भाजणारं ऊन येतं. त्या पिवळ्या उजेडात जांभळट निळा मळका, राखाडी दिसायला लागतो. मोरचुदाच्या बाजूचा निळा पिवळ्या उजेडात हिरवट होतो खरा, पण मळत नाही, ताजा राहतो. पश्चिमेच्या खोलीला मी डोळे झाकून हिरवट निळा सुचवीन. पूर्वेच्या खोलीत सकाळचे दोन-तीन तास सोडले तर दोन्ही चालतात. दक्षिणेच्या खोलीतही तसंच. तिथे छटा किती फिकट घ्यायची हाच खरा प्रश्न.

अंगणही हिशेबात धरा. दारासमोर मिरची वाळत घातली असेल, तर त्या तांबड्या पथारीवर पडलेलं ऊन दारातून आत भिंतीवर येतं. ते दोन-तीन महिन्यांचंच असतं, पण रंगाची निवड तुम्ही त्याच दिवसांत करत असाल तर भिंत नेहमीपेक्षा जांभळट दिसेल. फसू नका.

आता रात्र. शेतावर दिवसभर असणाऱ्या घराला आपली खोली खऱ्या अर्थाने दिसते ती दिवा लागल्यावरच. हल्ली दुकानात एलईडी बल्ब मागितला की बहुधा पांढराफटक, "कूल डे लाइट" मिळतो. खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं असतं. हा उजेड मुळातच निळसर असल्यामुळे निळी भिंत त्याखाली खुलते, पण त्याच खोलीत जेवणाचं ताट आणि माणसांचे चेहरे फिके पडतात. २७०० किंवा ३००० के लिहिलेला बल्ब पिवळसर उजेड देतो. त्याखाली हिरवट निळा अधिक हिरवा आणि जांभळट निळा करडा होतो, म्हणजे पश्चिमेच्या उन्हात जे घडतं तेच. ४००० के हा मधला मार्ग मला निळ्या खोलीसाठी सर्वांत बरा वाटतो, आणि नंदुरबारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मागितला तर मिळायला हवा. दोन रंग एका दिव्याखाली हुबेहूब सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात, कारण त्यांत मिसळलेली रंगद्रव्यं वेगवेगळी असतात. म्हणूनच दुकानातल्या उजेडात घेतलेला निर्णय घरी टिकत नाही.

दिवेलागणीच्या आधीचा अर्धा तास तर निळ्यासाठी खास असतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं आहे की उजेड मंदावत गेला की डोळ्याला तांबडे रंग झपाट्याने काळपट दिसू लागतात आणि निळे त्यांच्या मानाने उजळ. म्हणून वीज गेलेल्या संध्याकाळी निळी खोली विटकरी किंवा गुलाबी खोलीपेक्षा उजळ भासते. ज्या घरात भारनियमन नित्याचं आहे, तिथे निळा निवडण्याचं हे चांगलं कारण आहे.

हे सगळं ध्यानात घेतलं तरी शेवटी भिंतीवर लावून बघण्याला पर्याय नाही. दोन्ही रंगांचे मिळतील तेवढे लहान डबे घ्या. भिंतीवर थेट लावण्याआधी पांढऱ्या जाड पुठ्ठ्याचे, निदान दोन फूट बाय दोन फुटांचे तुकडे करा आणि त्यांवर प्रत्येक रंगाचे दोन हात द्या. कडेने चार बोटं पांढरी पट्टी सोडा, म्हणजे भिंतीवरचा जुना पिवळा किंवा पोपटी रंग डोळ्याला फसवणार नाही. पुठ्ठ्याचा फायदा असा की तो हलवता येतो : सकाळी खिडकीशेजारच्या भिंतीवर, दुपारी समोरच्या, रात्री कपाटाजवळच्या कोपऱ्यात. कोपरा विसरू नका, कारण खोलीतला सर्वांत गडद निळा तिथेच दिसतो.

आधी दोन्ही पुठ्ठे एकमेकांना लावून ठेवा. त्यात फक्त कल कळेल : हा जांभळा, हा हिरवा. मग ते दूर करा, एकेक पुठ्ठा एकटा ठेवा आणि प्रत्येकाबरोबर एक पूर्ण दिवस काढा. हे महत्त्वाचं आहे. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांतला फरक फुगवून दाखवतात. पॅरिसच्या गोबेलाँ विणकामशाळेत रंगशाळेचे प्रमुख असलेल्या शेव्रल यांच्याकडे तक्रारी यायच्या की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शोध घेतल्यावर कळलं, धागा बरोबर आहे, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसतो. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथच लिहिला. तुमच्या खोलीत दोन निळे कधीच शेजारी असणार नाहीत. असणार एकच, आणि त्याच्या शेजारी फरशी, दार, कपाट आणि पडदे.

तेव्हा पुठ्ठा त्यांच्याजवळ धरा. राखाडी शहाबादी फरशीजवळ दोन्ही निळे बरे दिसतात. कोटा फरशीत हिरवट झाक असते. तिच्याजवळ जांभळट निळा परका वाटतो, मोरचुदाकडचा निळा जुळतो. आजकाल नव्या घरांत सर्रास बसणाऱ्या मलई रंगाच्या चकचकीत टाइल्स जमिनीवरून पिवळा उजेड वर फेकतात, आणि भिंतीचा खालचा भाग वरच्यापेक्षा हिरवा दिसायला लागतो. अशा खोलीत निळीकडचा रंग घेतला तर हा दोष झाकला जातो. सागवानी दाराच्या नारिंगी-तपकिरीजवळ निळा कोणताही असो, उठूनच दिसतो. दार-खिडक्यांना ऑइलपेंट लावणार असाल तर डब्यावर शिशाचा उल्लेख वाचा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कोपऱ्यात राहिलेला जुना अर्धवट डबा लहान मुलं असलेल्या घरात वापरू नका, आणि जुना ऑइलपेंट कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका.

छटा किती गडद घ्यायची, याचा नियम सोपा आहे : दोन्हींतली जी फिकट वाटते ती, आणि शंका असेल तर तिच्याहीपेक्षा एक पायरी फिकट. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे बोटभर पट्टीवर सौम्य दिसणारा निळा खोलीभर झाला की दुप्पट निळा वाटतो. घरकुल योजनेतलं घर म्हटलं तर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सगळं मिळून पावणेतीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. एवढ्या जागेत चारही भिंती गडद केल्या की घर आक्रसतं. ज्यांना निळा हा आपल्या श्रद्धेचा रंग म्हणून हवा असतो, १४ एप्रिलला ज्यांच्या दारावर निळा झेंडा लागतो, त्यांनी तो गडद निळा जरूर लावावा. बाबासाहेबांची तसबीर जिथे आहे त्या एका भिंतीला, पूर्ण डौलात. उरलेल्या तीन भिंती पांढऱ्या ठेवल्या तर तो निळा जास्त उठतो.

डब्यातला ओला रंग आणि भिंतीवरचा वाळलेला रंग एक नसतो. प्लास्टिक पेंट ओला असताना फिकट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. चुन्याचं उलट : नीळ घातलेला चुना ओला असताना भडक निळा दिसतो आणि वाळून पांढरट होतो. पहिला हात देताच "फार फिका झाला" किंवा "फार भडक झाला" म्हणून मिश्रणात ढवळाढवळ करू नका, रात्रभर थांबा.

चुन्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती अजून आपल्याकडे आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. त्यांना पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावू नका. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर सोडते; प्लास्टिकचा थर ती ओल अडवतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंग पापुद्र्यांसह मातीही घेऊन खाली येतो. अशा भिंतीला चुना आणि पुडीची नीळच शोभते. नीळ आधी थोड्या पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून मग चुन्यात घालावी, नाहीतर भिंतीवर निळ्या रेघा ओढल्या जातात. कपड्यांसाठी बाटलीत मिळणारी पातळ नीळ मात्र यासाठी नको. ती वेगळ्या जातीची, उजेडात आणि चुन्यात न टिकणारी असते. इथे दोन निळ्यांतली निवड म्हणजे नीळ कमी की जास्त एवढीच उरते. एका डब्यात मोजून चुना घ्या, चमच्याने मोजून नीळ घाला, भिंतीच्या आडोशाला दोन-तीन पट्टे मारून वाळू द्या, आणि पसंत पडलेलं माप लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच रंग हवा असेल तर ते माप लागतं.

सिमेंटच्या नव्या भिंतीला घाई चालत नाही. गिलावा झाल्यावर त्याला निदान महिनाभर तरी वाळू द्यावं. आतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते आणि निळ्या रंगावर ते पांढरे डाग पिवळ्या किंवा मलई रंगापेक्षा जास्त डोळ्यांत भरतात. दिवाळीच्या आधी रंग काढायची आपल्याकडची रीत आहे, पण पावसात भिजलेली बाहेरची भिंत तेव्हा आतून ओली असू शकते. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर थांबा. ज्यांच्याकडे होळी मोठी, त्यांची वेळ खरं तर रंगकामाला जास्त सोयीची : हिवाळ्यात भिंती कोरड्या झालेल्या असतात आणि ऊन अजून चढलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये रंग लावायचाच झाला तर तापलेल्या भिंतीवर दुपारी लावू नका. ब्रशखालीच वाळणाऱ्या रंगात सांधे दिसतात, आणि निळ्यात ते लपत नाहीत.

दोन्ही पुठ्ठ्यांबरोबर एकेक दिवस काढूनही फरक जाणवला नाही तर? मग तुमच्या खोलीपुरता तो फरक नाहीच. अशा वेळी घरात वाद वाढवू नका. जो रंग धुता येतो तो घ्या. ज्या घरात चूल आतच पेटते तिथे धुराचा पिवळट थर फिकट निळ्यावर बसून तो हिरवट, मळका होत जातो, आणि साध्या डिस्टेंपरवरून तो पुसायला गेलं की रंगच निघून येतो. तिथे कल कोणताही असो, पुसता येणारं इमल्शन जास्त महत्त्वाचं. दोघांचं मत वेगळंच राहिलं, तर ज्या माणसाचे जास्त तास त्या खोलीत जातात त्याचं ऐकावं. बऱ्याच घरांत ते माणूस रंग आणायला बाजारात गेलेलंच नसतं.

रंग ठरला की तो एकाच वेळी, एकाच दुकानातून, पुरेसा घ्या. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली असेल तर भिंतींचं क्षेत्र ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण ४००. डब्यावर दोन हातांसाठी एका लिटरला किती चौरस फूट लिहिलं आहे त्याने भागा. तो आकडा १०० असेल तर चार लिटर लागतील. खडबडीत भिंत जास्त रंग पिते, म्हणून थोडा वाढवून घ्या. मशीनवर थेंब मोजून रंग मिसळतात, तरी दोन वेगळ्या दिवशी केलेल्या डब्यांत केसभर फरक पडू शकतो, आणि फिकट निळ्यात तो भिंतीच्या मधोमध दिसतो. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळा आणि मगच सुरुवात करा. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर कोड, बेसचं नाव आणि कोणत्या रंगद्रव्याचे किती थेंब ते छापलेलं असतं. ती चिठ्ठी फाटायच्या आत तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि कोड पेन्सिलीने स्विचबोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. लिहिण्याआधी मेन स्विच बंद करायला विसरू नका. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवला तर खिळ्याची भोकं आणि मुलांच्या पेन्सिलीच्या रेघा झाकायला वर्ष-दोन वर्षं कामाला येतो.